अर्धी गोळी

आमच्या घरात घड्याळाकडे दिवसातून दोनदाच बघितलं जातं, सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला. बाकीचा दिवस उन्हावर आणि बाभुळगावच्या एस.टी.वर चालतो. आठ वाजले की मी गिलासात पाणी घेते, नवऱ्याची फिटची गोळी तळहातावर ठेवते आणि तो गिळेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहते. एकोणीस वर्षं हेच चाललंय. एवढ्या वर्षांत मी पुसदला माहेरी सलग चार दिवसांच्या वर राहिलेले नाही, आणि राहिले तेव्हाही आठच्या ठोक्याला फोन केलाच. गावातल्या बाया म्हणतात, बाईनं नवऱ्याला अगदी फुलासारखं जपलं. जपलं खरं, पण जपणारीचं काय होतं ते कोणी विचारत नाही. मीही सांगत बसत नाही.

लग्न ठरलं तेव्हा त्याला मिरगी आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा शांत आहे, कामाचा आहे, सुपारीच्या खांडालाही शिवत नाही, एवढंच कानावर आलं होतं. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, त्यामुळे कोणाला खोटं पाडायचीही सोय राहिली नाही.

मला कळलं ते पहिल्या पोळ्याला. त्यानं सकाळपासून बैल धुतले, शिंगं लाल रंगवली, झुली चढवल्या आणि दुपार कलल्यावर बैलजोडी गावाच्या तोरणाखाली नेली. मी नवी सून, ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी. बैल परत आले, पण कासरा शेजारच्या माणसाच्या हातात होता. मागून चौघांनी उचलून नवऱ्याला आणलं. कपड्यांना चिखल, ओठांवर रक्त, मुठीत कोणीतरी कोंबलेला चाव्यांचा जुडगा. चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला, असं सगळे एकदम सांगत होते. माझ्या हातातलं ताट कलंडायला लागलं तसं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते खालून सावरलं. "आधी बैलाले ओवाळ," त्या म्हणाल्या, "दारात उभे हायेत." मी ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला देवघरातला डबा दाखवला. डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक अमावस्येला, प्रत्येक पौर्णिमेला कुंकवाचं बोट टेकवलेलं होतं. गोळी द्यायची ती अमावस्येच्या आधी दोन दिवस, नंतर दोन दिवस, आणि पुनवेला तसंच. मधले सगळे दिवस सुट्टी.

"रोज रोज कायले द्याची?" आत्याबाई म्हणाल्या. "गरम पडते ते. त्याले अमावस्या-पुनवेलेच येते."

"आत्याबाई, काल अमावस्याच होती ना? गोळी दिली होती ना तुम्ही?"

"देल्ली होती."

"मग तरी कशी आली?"

"थे नजर लागली. नवी नवरी पाहून लोकायची नजर लागते."

म्हणजे फिरून खापर माझ्याच डोक्यावर. मला इतका संताप आला की मी तो डबाच उचलला आणि माझ्या ट्रंकेत ठेवून दिला. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, बारावी पास होते, आणि या घरात शहाणी मीच, अशी माझी पक्की खात्री होती.

त्याच आठवड्यात मी नवऱ्याला यवतमाळला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, गोळीला चंद्र कळत नाही. रोज, त्याच वेळेला, न चुकता. तेव्हापासून आमच्या घरात आठ वाजायला लागले.

पहिली गोळी बरीच वर्षं चालली. फिट कमी झाल्या, महिन्याला दोन यायच्या त्या तीन-चार महिन्यांनी एक यायला लागली. पण त्या गोळीनं त्याच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या. ज्वारीची भाकर चावताना रक्त यायचं, म्हणून तो ती वरणात भिजवून खायचा. हसायचा तर तोंडावर हात ठेवून. झोप तर अशी की घास हातात आणि डोळे मिटलेले. कापूस वेचायला आलेल्या बाया एकमेकींना खुणावायच्या. मी त्यांच्याकडे अशी बघायची की त्यांच्या माना आपोआप झाडात जायच्या.

आत्याबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी कॅलेंडरवर कुंकू लावणं सोडलं नाही. गोळी माझ्या हातात, बोट त्यांचं.

मग डॉक्टरांनी गोळी बदलली. एकदम नाही, हळूहळू. जुनी थोडी थोडी उतरवत, नवी थोडी थोडी चढवत. हिरड्या काही महिन्यांत बसल्या. आणि फिट थांबली. एक महिना गेला, दोन गेले, सहा गेले. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलायला भीत होतो. अखेर नवऱ्यानंच डॉक्टरांना विचारलं, "साहेब, मी माह्ये बैल पोळ्यात कवा धरू?"

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. म्हणाले, दोन वर्षं एकही फिट आली नाही तर बैल धरा, मोटरसायकलही चालवा. तोवर गाडी नको, विहिरीचा काठ नको, विस्तवाजवळ एकटं बसणं नको.

त्या पहिल्या पोळ्यानंतर त्याच्या हातात कासरा कोणी दिला नव्हता. रंगवायचे त्यानं, सजवायचे त्यानं, आणि तोरणाखाली न्यायचे शेजाऱ्यानं. हा बाजूनं हात मागे बांधून चालायचा. गर्दीत बैल बुजला आणि हा खाली पडला तर काय, या भीतीनं लोक नाही म्हणत, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. पण आपल्या बैलाशेजारून पाहुण्यासारखं चालणं काय असतं ते मी दरवर्षी दारातून बघत होते.

डॉक्टरांकडून आल्यावर त्यानं शिंगांचा उरलेला लाल रंग काढला आणि गोठ्याच्या भिंतीवर फिटेविना गेलेल्या प्रत्येक महिन्याची एकेक रेघ ओढली. पुढे दर महिन्याला एक वाढत गेली. आमच्या मुलीनं, ती अकरावीत आहे, मोजून सांगितलं की येत्या पोळ्याच्या आधीच चोवीस पुऱ्या होतात.

रेघा वाढत होत्या आणि घरात दुसरंच काहीतरी वाढत होतं. त्याला राग यायला लागला. आवाज न चढवणारा माणूस, पण दाराची कडी वाजली तरी अंगावर यायचा. बैलाला आयुष्यात ज्यानं हाकायची तुतारीची काठी टोचली नव्हती त्यानं एकदा वखर अडकलं म्हणून बैलाला असं मारलं की कातडी सोलली. मग दुपारभर गोठ्यात बसून त्या जखमेला हळद लावत होता. "मले काय होते, मलेच समजत नाही व," म्हणाला, आणि रडला. माझ्या हे लक्षात आलं होतं की नवी गोळी पुरी सुरू झाल्यापासून हे आहे. कळायला काही वैद्य व्हायला नको होतं.

मग डॉक्टरांना का सांगितलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते. डॉक्टर विचारायचे, "फिट आली?" मी म्हणायची, "नाही." ते म्हणायचे, "छान," आणि आम्ही उठायचो. नवरा शेजारी बसलेला असताना परक्या माणसाला कसं सांगायचं की हा ताट फेकतो? आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय धाक होता, की हे सांगितलं तर गोळी बदलतील, गोळी बदलली तर फिट येईल, आणि फिट आली तर भिंतीवरच्या सगळ्या रेघा वाया जातील. म्हणून मी गप्प बसले. घरात तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि दवाखान्यात "छान".

दिवाळीच्या आधी एका सकाळी मुलगी बापाच्या जेवणाच्या पाटाशेजारी वही लिहीत होती. मोबाइलवर काहीतरी बघून ती हसली. त्याला वाटलं त्याला हसली. वरणाचं ताट उडालं ते थेट तिच्या वहीवर. ती वही उचलून, पुसून शेजारच्या काकूंकडे गेली. त्या दिवसापासून ती तिकडेच जेवायला लागली. पोटची पोर शेजारी जेवते, आणि मी इकडे तिच्या वाटणीची भाकर झाकून ठेवते. त्या आठवड्यात मी इतकी थकले होते की आठ वाजले तरी पाटावरून उठवेना.

आत्याबाईंचा अडकित्ता अजून फडताळात होता. तो मी काढला, धुतला, पुसला, आणि गोळी त्यात धरून दाबली. कट् करून दोन तुकडे झाले. एक तळहातावर, कापलेली बाजू खाली. दुसरा मिरच्यांच्या जुन्या डब्यात. आधी संध्याकाळची, चार दिवसांनी सकाळचीही. गिलास तोच, मी तीच, वेळ तीच.

दहा-बारा दिवसांत घर निवलं. तो बोलायला लागला. शेतातून येताना मुलीसाठी बोरं आणायला लागला. एक दिवस ती मुकाट्यानं आपलं ताट घेऊन आमच्यात येऊन बसली, आणि मी तिला जास्तीचं तूप वाढलं. मी रात्री झोपले. खरंच झोपले, कूस न बदलता. डॉक्टरांना जे सुचलं नाही ते मला सुचलं, असंही मनात आलं, लाज वाटते पण आलं. सात आठवडे असे गेले. भिंतीवर विसावी रेघ ओढली गेली.

आत्याबाईंना मी जन्मभर अमावस्येवरून हसले. त्या निदान पंधरवड्यातून चार-पाच दिवस पुरी गोळी तरी देत होत्या. नाव ठेवी लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, अशी माझी गत.

पौषातली सकाळ होती. अंगणातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवलेलं. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, भसाभसा जळतात, म्हणून चुलीत सारख्या सारत बसावं लागतं. ते काम माझं होतं. मी कपडे वाळत टाकायला मागं गेले होते, तेवढ्यात तो थंडीचा हात शेकायला चुलीपाशी बसला. ओरडण्याचा आवाज आलाच नाही. पातेलं कलंडल्याचा आला, आणि मग पाण्यानं विस्तव विझल्याचा चर्र आवाज.

मी धावले तेव्हा तो आडवा होता, डावा हात चुलीच्या तोंडात. पाण्यानं निम्मा विस्तव विझला होता, निम्मा नव्हता. मी त्याला ओढलं, कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओला टॉवेल ठेवला. चाव्या नाहीत, चप्पल नाही, कांदा नाही. तोंडात काही घालायचं नाही, नुसतं धरून बसायचं आणि किती वेळ चालतं ते बघायचं, हे सगळं मला येतं. अगदी पाठ आहे. मुलगी गाडीसाठी फोन करत होती आणि मी त्याच्या हाताकडे न बघता त्याचं डोकं धरून बसले होते. माझ्या नाकात जळल्याचा वास होता. तो वास मी केलेला होता.

तिथी कोणती होती ते मी नंतर मुद्दाम कॅलेंडरात बघितलं. सप्तमी होती.

बाभुळगावला हात बांधून घेतला आणि दोन दिवसांनी आम्ही यवतमाळला डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी कागद चाळला, चष्मा काढला आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "गोळ्या चुकवल्या?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, एस.टी.त बसल्यापासून तयार केलं होतं. माझ्या आधी तो बोलला.

"व्हय साहेब. अर्धी अर्धी खाऊन राह्यलो होतो. डोकं लय तापे, म्हणून म्या आपल्या मनानंच कमी केली."

मी त्याच्याकडे बघितलं. तो डॉक्टरांकडेच बघत होता.

डॉक्टरांनी त्याला चांगलं झापलं. गोळी मनानं कमी करणं म्हणजे फिटेला हातानं बोलावणं, हात गेला असता, डोळे गेले असते, जीवही गेला असता, असं सगळं. मग आवाज उतरवून म्हणाले की राग हा काहीजणांना याच गोळीचा त्रास असतो. आधी सांगितलं असतं तर उपाय होता, गोळी बदलता येते, फक्त हळूहळू आणि विचारून. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, कोणत्या आठवड्यात कोणती किती, सगळं आखून दिलं. शेवटी म्हणाले, "आणि दोन वर्षं आता परवाच्या फिटेपासून मोजायची."

"हो साहेब," नवरा म्हणाला. बोलणी खाताना तो शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसला होता, आणि मी शेजारी शहाण्या बायकोसारखी. तेव्हाही मी बोलले नाही. जीभ टाळूला चिकटली म्हणतात तसं काही नव्हतं, जीभ चांगली मोकळी होती. मला फक्त भीती वाटली.

बसस्टँडच्या बाकावर बसल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"अर्धी गोळी जिभेले खरखर लागते," तो म्हणाला. "कडू बी लागते. पुरी गुळगुळीत राह्यते."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलले काहून नाही?"

बांधलेला हात त्यानं मांडीवर नीट ठेवला. आमची गाडी लागली होती, लोक चढत होते. तो उठला नाही.

"पोरगी घरात जेवाले लागली होती," तो म्हणाला. "तू बी हासाले लागली होती. मंग म्हणलं, राहू दे."

ती गाडी आम्ही सोडली. पुढची तासाभरानं होती. मी पदर तोंडावर घेऊन बसले आणि तो शेंगदाण्याची पुडी घेऊन आला, एका हातानं सोलून माझ्यापुढे ठेवत राहिला.

एका महिन्यानं मी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. नवरा म्हणत होता, जाऊ दे, झालं ते झालं, पण मी सांगितलं. अडकित्त्यापासून सगळं. त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मला वाटलं आता माझी पाळी. पण ते रागावले नाहीत. हल्ली "फिट आली?" नंतर ते आणखी एक प्रश्न विचारतात, "घरात कसं आहे?" आणि तो मला विचारतात. मी आता "छान" म्हणून उठत नाही. जे असेल ते सांगते.

गोळी बदलली आहे. राग पुष्कळ उतरला आहे. या गोळीनं हात किंचित थरथरतात, चहाची बशी वाजते, तेही मी सांगितलं आहे. वीस रेघा त्यानं पुसल्या नाहीत. त्यांच्या खाली, दोन बोटं जागा सोडून, नव्यानं सुरुवात केली आहे. या वर्षीच्या पोळ्याला खालच्या ओळीत पुरत्या आठही रेघा नव्हत्या. शिंगं त्यानंच रंगवली, डाव्या हाताची बोटं नीट मिटत नाहीत म्हणून उजव्या हातानं, वेळ लावून. मी ताट घेऊन दारात उभी होते. बैल आले, कासरा शेजाऱ्याच्या हातात. आणि बाजूनं तो, हात मागे बांधून. हा पोळा त्याचा होता आणि तो मी घालवला होता. मी बैलांना ओवाळलं, पुरणपोळी दिली, मग त्याच्याही कपाळाला कुंकू लावलं. तो म्हणाला, "मले काहून? मी का बैल हाय?" मुलगी हसली, तोही हसला. मला हसू आलं नाही.

आठ वाजतातच. मी गिलास भरते, गोळी तळहातावर ठेवते, समोर उभी राहते. तो गोळी जिभेवर घेतो, पाणी पिण्याआधी क्षणभर थांबतो, आणि म्हणतो, "पुरी हाय."

टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही. माझ्या जिवाला घोर नको म्हणून सांगतो, हे मला माहीत आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी "हं" म्हणते आणि गिलास विसळायला आत जाते.